मोटारसायकल गॅरेजमध्ये, दावा कागदांत

व्यापारी घरातली मोटारसायकल कोणा एकाची नसते. सकाळी ती बँकेत भरणा करून येते, दुपारी ट्रान्सपोर्टच्या गोदामातून पार्सल सोडवून आणते, वसुलीच्या दिवशी आसपासच्या पाच-सात गावांना फिरते आणि ज्या घरात चौविहार पाळला जातो तेथे सूर्यास्तापूर्वी दुकानातील वडीलधाऱ्यांना जेवणासाठी घरी पोहोचवते. अशी गाडी अपघातात सापडून गॅरेजमध्ये जाऊन बसली, की दुरुस्तीच्या खर्चापेक्षा तिच्या नसण्याचा जाच अधिक होतो. विम्याच्या कराराला मात्र हा जाच ठाऊक नसतो. वाहन वापरता न आल्याने झालेले नुकसान, मग ते बुडालेल्या धंद्याचे असो वा रिक्षाभाड्याचे, मोटार पॉलिसीत स्पष्टपणे वगळलेले असते. त्यामुळे दावा मंजूर होण्यास आठवडा लागतो की दीड महिना, हा प्रश्न दुकानदाराच्या दृष्टीने रकमेइतकाच महत्त्वाचा ठरतो.

“क्लेम अडकला आहे,” हे वाक्य अशा वेळी वारंवार कानी पडते. कोठे अडकला असे विचारल्यास गॅरेजवाला सर्व्हेअरकडे बोट दाखवतो, सर्व्हेअर म्हणतो की अहवाल कंपनीकडे गेला, आणि कंपनीच्या दूरध्वनीवरून सांगण्यात येते की गॅरेजकडून एक कागद यायचा आहे. यांपैकी कोणीही बहुधा खोटे बोलत नसतो. प्रत्येकाचे काम आपल्या टेबलापुरते झालेले असते. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर नेण्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच माथी नसते आणि दिवस तेथेच वाया जातात. हा मधला प्रवास विमाधारकाने स्वतः पाहिला, तरच त्याला गती येते.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातील एका कापड दुकानाची मोटारसायकल घेऊ. गाडी दोन वर्षे चार महिने वयाची. पॉलिसीवरील घोषित मूल्य, म्हणजे आयडीव्ही, साठ हजार रुपये. स्टँडजवळच्या वळणावर कुत्रे आडवे आले आणि गाडी घसरली. चालवणाऱ्या मुलाला खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही. गाडीचा पुढचा शॉकअप वाकला, हँडल तिरके झाले, हेडलाइटचा संच फुटला, टाकीला पोचा पडला. मागच्या सीटवर कापडाचे दोन गठ्ठे बांधलेले होते. या गठ्ठ्यांकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

पहिला प्रश्न असा, की या नुकसानीचा विमा मुळात आहे काय? हा प्रश्न बाळबोध वाटेल, परंतु अनेक घरांत त्याचे उत्तर ठामपणे देता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा असतो तो केवळ तृतीय पक्ष विमा. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर हा तृतीय पक्ष विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला एजंट ‘ओडी’ म्हणतात, तो त्याच कागदावर असला तरी बहुधा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर ‘पाच वर्षे’ असा आकडा दिसला की घरातील मंडळी निर्धास्त होतात. दुसऱ्या वर्षी ओडीचे नूतनीकरण राहून जाते आणि अपघातानंतर ध्यानात येते की रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा विमा शाबूत आहे, स्वतःच्या गाडीचा नाही. पोलिसाने अडवल्यास कागद पूर्ण असतात, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे झाकलेली राहते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात. त्या दोन्ही वाचाव्यात, एवढाच याला उपाय आहे.

विमा आहे असे धरले, तर अपघाताची सूचना कंपनीला त्याच दिवशी द्यावी. दूरध्वनीवर वा ॲपवर सूचना दिली की दाव्याचा क्रमांक मिळतो. घटनास्थळी गाडीचे, नंबरप्लेटचे आणि मोडलेल्या भागांचे फोटो काढलेले असल्यास पुढची निम्मी प्रश्नोत्तरे टळतात. कोणाला इजा झाली असेल, दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान असेल किंवा गाडी चोरीस गेली असेल तर पोलिसांत नोंद आवश्यकच आहे. केवळ स्वतःच्या गाडीचे किरकोळ नुकसान असल्यास सहसा ती मागितली जात नाही. गाडी दुकानातील माणूस चालवत होता की घरातील मुलगा, याने पॉलिसीला फरक पडत नाही; परंतु चालवणाऱ्याकडे त्या वाहनाचा वैध परवाना असलाच पाहिजे. नव्याने कामावर ठेवलेल्या माणसाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी त्याचा परवाना एकदा डोळ्यांखालून घालण्याची पद्धत किती दुकानांत आहे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

सूचना देण्यास एक-दोन दिवस उशीर झाला म्हणून दावा बुडाला असे समजण्याचे मात्र कारण नाही. केवळ उशिराच्या कारणाने खरे दावे नाकारू नयेत, अशी सूचना विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकानेच कंपन्यांना दिली होती.

दुरुस्तीची घाई

येथे व्यापाऱ्याचा स्वभाव आड येतो. गाडी उद्या हवी असते. कोपऱ्यावरचा ओळखीचा मेकॅनिक दोन तासांत शॉकअप सरळ करून देतो म्हणतो, आणि दिलेही जाते. तीन दिवसांनी सर्व्हेअर येतो तेव्हा पाहण्यासारखे काही उरलेले नसते. दुचाकीच्या प्रमाणित शर्तींत विमाधारकाने कंपनीला न विचारता स्वतःच्या अधिकारात करून घेण्याच्या दुरुस्तीची मर्यादा दीडशे रुपये ठेवलेली होती. गाडी उचलून गॅरेजपर्यंत नेण्याच्या खर्चाची मर्यादा तीनशे. हे आकडे जुन्या दरपत्रकातले आहेत आणि दीडशे रुपयांत आज धड इंडिकेटरही येणार नाही, पण त्यामागचे तत्त्व आजही लागू आहे: मोडलेला भाग मोडलेल्या अवस्थेत कंपनीने पाहिला पाहिजे.

गाडी गॅरेजमध्ये पोहोचली की इस्टिमेट तयार होते, आणि विलंबाचे पहिले मोठे ठिकाण हेच. बाहेरून दिसते तेवढेच पहिल्या इस्टिमेटात लिहिले जाते. सर्व्हेअर ते पाहून मंजुरी देतो, काम सुरू होते, पुढचा भाग सोडवल्यावर कळते की शॉकअप ज्या टीमध्ये बसतात तीही वाकली आहे. मग पुरवणी इस्टिमेट, पुन्हा फोटो, पुन्हा मंजुरी. प्रत्येक फेरीत चार-पाच दिवस सहज जातात. हे टाळण्याचा मार्ग साधा आहे. पाहणीच्या आधी किंवा पाहणीच्या वेळीच पुढचा भाग सोडवून दाखवण्यास गॅरेजला सांगावे, आणि जे काही मोडले आहे ते एकाच इस्टिमेटात आणावे. गॅरेजला त्यात थोडे अधिक काम पडते, म्हणून ते आपणहून करणार नाहीत. आग्रह धरावा लागतो.

दुसरे ठिकाण सुट्या भागांचे. मंजुरी मिळाल्याशिवाय गॅरेज भाग मागवत नाही, कारण मंजुरी नाकारली गेली तर तो भाग त्यांच्या फळीवर पडून राहतो. त्यांची बाजू चुकीची नाही. पण ज्या भागाविषयी वाद होण्याचा संभवच नाही, उदाहरणार्थ फुटलेला हेडलाइट, त्याची मागणी विमाधारकाने थोडी आगाऊ रक्कम ठेवून पाहणी होताच नोंदवायला लावली, तर आठवडा वाचू शकतो. भाग स्थानिक वितरकाकडे आहे की पुण्या-मुंबईहून येणार, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

सर्व्हेअरविषयी एक गैरसमज आढळतो. पन्नास हजारांपेक्षा कमी रकमेच्या मोटार नुकसानीला परवानाधारक स्वतंत्र सर्व्हेअरच हवा अशी सक्ती नाही. त्यामुळे दुचाकीची पाहणी पुष्कळदा कंपनीचा कर्मचारीच करतो, कधी तर मोबाइलवरील व्हिडिओनेच. ‘खरा’ सर्व्हेअर आला नाही म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नसतो.

आता हिशेब. समजा, कर वगळून इस्टिमेट सतरा हजारांचे झाले: धातूचे भाग ८,००० रुपये, प्लास्टिकचे भाग ४,६००, आरशांच्या काचा ४००, टाकीचे रंगकाम १,६०० आणि मजुरी २,४००. घसारा लागू असलेल्या साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, ट्यूब व बॅटरी यांवर निम्मी रक्कम वजा होते, गाडी नवी असो वा जुनी. काचेवर घसारा नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार वजावट होते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ती १५ टक्के आहे, तीन ते चार वर्षांना २५ आणि चार ते पाच वर्षांना ३५. रंगकामाच्या बिलातील चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्याच्या निम्मे कापले जातात. मजुरी पूर्ण मिळते. त्याप्रमाणे धातूचे ६,८००, प्लास्टिकचे २,३००, काचेचे ४००, रंगाचे १,४०० आणि मजुरीचे २,४००, एकूण १३,३००. त्यातून दुचाकीची सक्तीची वजावट १०० रुपये गेली की १३,२०० उरतात. म्हणजे विमा ‘पूर्ण’ असूनही ३,८०० रुपये घरातून जातात. हे आधी ठाऊक असलेला माणूस अखेरच्या दिवशी काउंटरवर वाद घालत बसत नाही, आणि गाडी त्या वादापायी आणखी दोन दिवस अडकत नाही. ‘झिरो डेप’ घेतलेले असल्यास घसाऱ्याची वजावट टळते. मात्र वर्षात किती दाव्यांपर्यंत, याची मर्यादा बहुधा घातलेली असते.

दावा करावाच काय, हा प्रश्नही याच हिशेबात बसतो. दावा न केल्यास ओडीच्या हप्त्यावर मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढते. आपल्या उदाहरणातील गाडीला पुढच्या नूतनीकरणाला ३५ टक्के मिळाले असते. दावा केल्याने ती पायरी शून्यावर येते आणि पुन्हा चढायला पाच वर्षे लागतात. ओडीचा मूळ हप्ता हजार रुपये आणि तो तसाच राहील असे धरले, तर या सर्व वर्षांत मिळून सुमारे १,०५० रुपयांची सवलत बुडते. गाडीचे घोषित मूल्य दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. तेव्हा हाती येणारी रक्कम हजाराच्या आसपास असेल तर दाव्याच्या फंदात पडू नये; तेरा हजारांचा दावा मात्र सवलतीच्या मोहाने सोडणे हा कच्चा हिशेब होय. चारचाकीच्या बाबतीत हप्ता मोठा असल्याने गणित बदलते. चारचाकीचा सल्ला दुचाकीला लावून ‘बोनस जाईल, क्लेम करू नकोस’ असे सांगणारे नातलग प्रत्येक घरात असतात.

सीटवरचे गठ्ठे

आता त्या कापडाच्या दोन गठ्ठ्यांकडे. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा नावाचे एक छोटे कलम असते. भाड्याने देणे, शर्यती, आणि मालवाहतूक यांसाठी वापर झाल्यास विमा लागू नाही, असे ते सांगते. मालवाहतुकीला दोनच अपवाद आहेत: नमुने आणि वैयक्तिक सामान. ट्रान्सपोर्टवरून दुकानात विक्रीसाठी आणलेले गठ्ठे या दोहोंत बसतात असे म्हणणे कठीण आहे. व्यापारी घरातील निम्म्याहून अधिक फेऱ्या या कलमाच्या सीमारेषेवर चालतात आणि पॉलिसी घेताना हे कोणीही सांगत नाही.

दाव्याच्या अर्जात ‘अपघाताच्या वेळी वाहनाचा उपयोग’ असा रकाना असतो. येथे एजंट किंवा गॅरेजमधील ओळखीचा माणूस हमखास सुचवतो, की लिहा ‘वैयक्तिक कामासाठी’, गठ्ठ्यांचे नाव काढू नका. सल्ला आपुलकीचा असतो. त्याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. घटनास्थळाच्या फोटोत गठ्ठे दिसले, ट्रान्सपोर्टच्या पावतीवर तीच तारीख आणि वेळ निघाली, किंवा मुलाने दूरध्वनीवर सहज खरे सांगितले, तर चुकीचे निवेदन केल्याच्या कारणावरून सबंध दावाच नाकारण्यास कंपनीला आधार मिळतो. त्याआधी चौकशी सुरू होते आणि चौकशी म्हणजे आठवडे. याउलट खरे लिहिल्यास काय होते? अमलेंदू साहू यांच्या २०१० मधील खटल्यात खासगी वाहन भाड्याने वापरले गेले होते, म्हणजे वापराच्या अटीचा भंग झालेला होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने दावा संपूर्ण नाकारणे योग्य मानले नाही. अशा भंगात देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देण्याचे तत्त्व ग्राह्य धरले. अशा तडजोडीला विमा व्यवहारात ‘नॉन-स्टँडर्ड’ दावा म्हणतात. आपल्या उदाहरणाला तेच प्रमाण लावले तर १३,२०० ऐवजी ९,९०० रुपये हाती येतात.

तीन हजार तीनशे रुपये कमी मिळतील ही एका पारड्यातली गोष्ट. दुसऱ्या पारड्यात सर्व रक्कम, महिनाभराची चौकशी आणि दुकानाच्या मालकाची सही असलेले असत्य निवेदन. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ हा एक अतिचार सांगितलेला आहे, तो बहुतेक घरांत पाठशाळेपासून कानावरून गेलेला असतो. दाव्याचा अर्जही लेखच आहे. आणि ज्या मुलाला त्या अर्जाखाली जबाब द्यायला लावायचे, तोच उद्या गल्ल्यावर बसणार असतो. अर्जात ‘दुकानाचे कापडाचे दोन गठ्ठे नेत असताना’ असे सरळ लिहून, अपघात कुत्रे आडवे आल्याने झाला, वजनामुळे नव्हे, हे वस्तुस्थिती असल्यास त्याखाली नमूद करावे. कंपनी हरकत घेईल किंवा घेणारही नाही. घेतल्यास तिचे कारण लेखी मागावे.

पूरग्रस्त गाड्यांविषयी थोडे वेगळे सांगितले पाहिजे, कारण सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठांनी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये हा अनुभव घेतला आहे. पूर व जलमय होणे हे ओडी विम्यात समाविष्ट आहे. परंतु पाणी ओसरल्यावर उत्सुकतेने स्टार्टर दाबला आणि इंजिनात शिरलेल्या पाण्यामुळे आतील भाग मोडले, तर ते नुकसान पुराचे नसून नंतरच्या कृतीचे, अशी भूमिका कंपन्या घेतात आणि इंजिनाचा खर्च वगळला जातो. बुडालेली गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालूनच गॅरेजला न्यावी. पुराच्या दिवसांत एकाच वेळी असंख्य गाड्या पाहणीसाठी रांगेत असतात. तेव्हा चिखलाची रेषा दिसेल असे फोटो काढून ठेवणे, हीच त्या रांगेतली आपली जागा. दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला तर दुरुस्ती न करता गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते.

तारखांचा रोजमेळ

नियम या बाबतीत विमाधारकाच्या बाजूने आहेत. २०१७ च्या विनियमांप्रमाणे सर्व्हेअर नेमायला ७२ तास, त्याच्या अहवालाला ३० दिवस आणि त्यानंतर कंपनीच्या निर्णयाला आणखी ३० दिवस मिळत असत. जून २०२४ च्या परिपत्रकाने विमा नियामक प्राधिकरणाने ही मुदत आवळली: दाव्याची सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर, १५ दिवसांत अहवाल, आणि अहवालानंतर सात दिवसांत निर्णय. कागदपत्रे नाहीत एवढ्याच कारणाने दावा नाकारू नये, आणि दाव्याशी प्रत्यक्ष संबंध असलेलीच कागदपत्रे मागावीत, असेही त्यात सांगितले आहे. मुदतीपलीकडे विलंब झाल्यास बँक दरापेक्षा दोन टक्के अधिक दराने व्याज देण्याची तरतूद आहे. हे व्याज मोठे नसते. दर आठ टक्के धरला तरी १३,२०० रुपयांवर महिन्याला ८८ रुपये होतात. परंतु व्याजाची लेखी मागणी आली की विलंबाचे कारण फाइलवर लिहावे लागते, आणि कारण लिहावे लागते म्हणून फाइल हलते. कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला हे सांगायला नको.

अडचण अशी, की या मुदती सर्व्हेअर आणि कंपनी यांना बांधतात, गॅरेजला नाही. इस्टिमेट चार दिवस पडून राहिले, पुरवणी फोटो पाठवायचे राहिले, अंतिम बिल चढवायला विसरले, यांपैकी काहीही नियामकाच्या घड्याळात मोजले जात नाही. तेवीस दिवसांचे वचन आणि पन्नास दिवसांचा अनुभव यांतील अंतर बहुतांशी येथेच आहे.

व्यापाऱ्याजवळ याचे उत्तम साधन आधीपासून आहे. ज्या घरात रोजमेळ लिहिण्याची शिस्त आहे तेथे एका वहीत वा मोबाइलमध्ये दाव्याचाही रोजमेळ ठेवता येतो: कोणत्या तारखेला कोणाशी बोलणे झाले, त्याने काय मागितले, ते केव्हा दिले, पुढचे पाऊल कोणाचे. प्रत्येक बोलण्यानंतर दोन ओळींचा ई-मेल कंपनीला आणि त्याची प्रत गॅरेजला पाठवावी. ‘आज दूरध्वनीवर कळले की गॅरेजकडून अंतिम बिल अपेक्षित आहे, गॅरेजने ते आजच पाठवले असे सांगितले आहे, अन्य काही अपेक्षित असल्यास सर्व एकत्रच कळवावे.’ एवढा मजकूर पुरे. शेवटचे वाक्य विशेष उपयोगी, कारण आज परवाना, चार दिवसांनी रद्द केलेला धनादेश, पुन्हा चार दिवसांनी पॅन, अशी कागदांची तुकड्या-तुकड्यांनी होणारी मागणी त्याने थांबते. रागावून बोलण्याने यांतले काहीच साधत नाही. दूरध्वनीवरची व्यक्ती दररोज बदलते, ई-मेल राहतो.

ज्या घराला गाडीवाचून चालतच नाही त्याने आणखी एक मार्ग विचारात घ्यावा. पाहणी होऊन मंजुरी लेखी मिळाली, की कॅशलेसची वाट न पाहता स्वतःचे पैसे भरून दुरुस्ती पूर्ण करावी व बिलाची प्रतिपूर्ती मागावी. कॅशलेसमध्ये कंपनीचे हमीपत्र आल्याशिवाय गॅरेज गाडी सोडत नाही. प्रतिपूर्तीत गाडी आधी घरी येते आणि उशीर झाला तर तो पैशांना होतो. दहा-पंधरा हजारांची रक्कम महिनाभर अडकणे आणि गाडी महिनाभर अडकणे, यांत दुकानाला काय महाग पडते हे ज्याचे त्याने पाहावे. नवीन बसवलेल्या भागांची फेरपाहणी होऊ शकते, म्हणून कंपनीला न कळवता गाडी गॅरेजमधून काढू नये, आणि काढलेले जुने भाग फेकू देऊ नयेत. ते मागितले जातात, नाहीतर त्यांची भंगार किंमत वजा होते.

गाडी ताब्यात घेताना समाधानपत्रावर सही मागतात. गाडी एक फेरी चालवून, हँडल सरळ धरल्यावर ती एका बाजूला ओढत नाही ना हे पाहूनच ती करावी. काही राहिले असेल तर सहीखाली तसे लिहिता येते; छापील मजकुराबाहेर लिहू नये असा कोणताही नियम नाही. जमा झालेली रक्कम अपेक्षेपेक्षा कमी असल्यास मूल्यांकनाचे पत्रक आणि सर्वेक्षण अहवालाची प्रत मागावी. फरक बहुधा घसाऱ्याच्या टक्क्यात किंवा एखाद्या नामंजूर भागात सापडतो.

तरीही समाधान न झाल्यास पहिली तक्रार कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. तीच तक्रार नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावरही नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत, पन्नास लाखांपर्यंतच्या दाव्यांत त्यांना अधिकार आहे, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत त्यांच्याकडे गेले पाहिजे. गाडी फर्मच्या नावावर असेल तर येथे एक अट आड येऊ शकते. लोकपालांकडे वैयक्तिक पॉलिसी, तसेच एकल मालकीच्या व सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसी जातात. मोठ्या भागीदारी वा कंपनीच्या नावावरील नाहीत. फर्मच्या नावावरील गाडीला मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही लागू होत नाही, कारण फर्म गाडी चालवत नाही. नवी गाडी कोणाच्या नावे घ्यावी याचा निर्णय केवळ आयकरातील घसारा पाहून करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

लोकपालांचे दार बंद असलेल्यांना जिल्हा ग्राहक आयोग उरतो. व्यापारी संस्था ‘ग्राहक’ नव्हे, असा बचाव विमा कंपन्या पूर्वी घेत. हर्सोलिया मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये स्पष्ट केले की नुकसान भरून निघावे म्हणून घेतलेला विमा नफा मिळवण्याच्या व्यापारी हेतूने घेतलेला नसतो, त्यामुळे व्यापारी संस्थाही आयोगाकडे जाऊ शकते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि ज्या पॉलिसीसाठी भरलेला मोबदला पाच लाखांच्या आत आहे तिच्या तक्रारीला शुल्क पडत नाही. मोटारसायकलचा हप्ता त्याच्या जवळपासही जात नाही.